न जळलेला शिमगा

मयूरीने भाकरीचा तुकडा मोडला, मेथीच्या भाजीला लावला आणि तसाच डब्यात ठेवून दिला. गेले नऊ दिवस तिला जेवण जात नव्हतं.

मोरीची जाळी उचलावी, खाली केसांचा गुंता दिसावा, चिमटीत धरून ओढावा, तर तो येतच राहावा, येतच राहावा, साबणाने बुळबुळीत झालेला, कुणाकुणाच्या डोक्याचा. तसं ती नऊ दिवस वाचत होती. चार हजारांवर ओळी वाचून झाल्या होत्या. दोनशे उरल्या होत्या.

मयूरी धायगुडे, वय पंचेचाळीस, यंत्रनिर्णय तपास कक्षात टिप्पणी-वाचक. हे असलं पद पाच वर्षांपूर्वी कुणी ऐकलं नसतं. प्रोग्राम लिहिणारी माणसं कोडच्या मधेमधे काही ओळी लिहून ठेवतात, त्यांना टिप्पण्या म्हणतात. दोन तिरक्या रेघा मारल्या की पुढचं यंत्र वाचत नाही. ते असतं मागून येणाऱ्या माणसासाठी. रानातून जाताना फांदीला चिंधी बांधावी, म्हणजे मागच्याला वाट कळते, तेवढंच त्याचं काम. पण या लोकांनी फांदीफांदीला भलतंच बांधून ठेवलं होतं. ग्राहक म्हणजे ढोर. फोन करणारे गावंढळ म्हणजे देशाला लागलेल्या उवा. ‘हे का चालतंय मला माहीत नाही, हात लावलास तर तुझ्या आईला’, आणि पुढचं मयूरी मनातल्या मनातसुद्धा पुरं वाचत नसे. डोळे त्यावरून उचलून पुढे ठेवी, रस्त्यावरच्या थुंकीवरून पाय उचलावा तसे.

आणि हे सगळं मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. परदेशी ग्राहकाला कळू नये, आणि शिव्या हुडकणाऱ्या चाळणीलाही सापडू नये, म्हणून.

वीस-बावीस वर्षं ही घाण गुपचूप पडून राहिली. कुणाला तिचा वास आला नाही. मग ‘उलगडा’ आला.

जुन्या प्रोग्रामांचं ओझं तोवर असह्य झालं होतं. ते समजणारी माणसं निवृत्त झाली होती, काही वारली होती. उलगडा नावाच्या यंत्राला जुना कोड द्यायचा, ते आठवड्याभरात नवा, लखलखीत करून द्यायचं. त्याला घडवणाऱ्यांनी एक गोष्ट शिकवली होती, आणि तेव्हा ती शहाणपणाची वाटली होती. कोडवरून कळतं माणसाने काय केलं. टिप्पणीवरून कळतं त्याला काय करायचं होतं. घाईत हात चुकतो, म्हणून जिथे दोन्ही जुळत नसेल, तिथे टिप्पणी खरी धरायची. माणसाच्या मनात जे होतं, ते पुरं करायचं.

उलगड्याला मराठी येत होती. छान येत होती. ओव्या येत होत्या, शिव्या येत होत्या. फक्त चेष्टा कळत नव्हती.

मयूरीच्या टेबलावरचं प्रकरण होतं ‘हाक’ या रुग्णवाहिका सेवेचं. फोन आला की यंत्र आवाज ऐकून ठरवायचं, कुणाकडे गाडी आधी धाडायची. बोरजाईवाडीच्या कोंडाबाई खरात, वय एकाहत्तर. ज्वारी काढताना त्यांच्या मालकांना, श्रीपतीरावांना, नाग चावला. सकाळचे साडेदहा. कोंडाबाईंनी अकरा फोन केले. गाडी चाळीस मिनिटांच्या अंतरावर होती. ती आली दोन वाजता. तोवर श्रीपतीरावांच्या पापण्या मिटल्या होत्या, आणि त्या मग उघडल्या नाहीत. तीन जिल्ह्यांत अशा सातशे चौदा बायका निघाल्या. बहुतेक म्हाताऱ्या. सगळ्यांनी तीनदा किंवा त्याहून जास्त फोन केलेला. सगळ्या रांगेत शेवटी ढकललेल्या.

कशामुळे, ते मयूरीने शोधायचं होतं, आणि कुणामुळे, तेही. नव्या कायद्याने यंत्राच्या निर्णयाचं कारण त्या माणसाला त्याच्या भाषेत, समोर बसवून, तोंडाने वाचून दाखवावं लागे. लिहिणाऱ्याच्या नावासकट.

डबा बाजूला सारून तिने पुढची ओळ उघडली.

‘थेरडी परत आली. रडू दे भवानीला. तीनदा फोन म्हणजे नाटक, रडगाणं सुरू झालं की टाक मागे, मरेल ती मरेल. — एम. डी.’

मयूरीने एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिला पुढचा शब्द आधीच ठाऊक होता. तिसऱ्यांदा तिने वाचलं नाही. उठली, डबा रिकामा करून बेसिनपाशी गेली, नळ सोडला, आणि तो घासत राहिली.

मयूरी धायगुडे. एम. डी.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पुण्यात पहिली नोकरी, दहा पोरांत एकटी मुलगी. ती आली की गप्पा थांबायच्या, ती गेली की हशा. तिला ते हसणं पाठीवर चिकटल्यासारखं वाटे. त्या टीमची एक रीत होती. काम ग्राहकाकडे जायच्या आदल्या दुपारी दार लावून घ्यायचं, वडापाव मागवायचे, आणि प्रत्येकाने आपापल्या कोडमध्ये मनसोक्त घाण लिहायची. त्याला ते ‘शिमगा’ म्हणत. टीमचा म्होरक्या कौस्तुभ पेंढारकर तोंडावर उलटी मूठ आपटून बोंब ठोकायचा. ज्याची ओळ सगळ्यांत गलिच्छ, तो त्या दिवसाचा पाटील.

गावाकडचा शिमगा मयूरीला ठाऊक होता. तिथेही लोक वाटेल ते बोलतात, पण होळीच्या जाळासमोर उभं राहून बोलतात. जे तोंडातून निघतं ते जाळात जातं, आणि दुसऱ्या दिवशी अंगाला राख फासून माणूस पुन्हा माणसात येतो. इथे जाळ नव्हता. इथे प्रत्येक अक्षर जपून ठेवलं जात होतं, तारीखवार, प्रतीवर प्रत.

त्या दिवशी सकाळी तिने चाचणीसाठी आलेले फोन ऐकले होते. एक बाई होती, पुन्हा पुन्हा तोच पत्ता सांगणारी. मयूरीने तिच्यासाठी मन लावून कोड लिहिला होता: त्याच नंबरवरून परत फोन आला तर आधीच्या फोनला जोडून घ्यावा, बाईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावू नये, आणि तिला रांगेत वर घ्यावं. चांगला कोड होता तो. मायेने लिहिलेला. आणि दुपारी, नऊ तोंडं आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर, तिने त्याच्याच डोक्यावर ही ओळ लिहिली. पोरांनी टेबलं बडवली. कौस्तुभ म्हणाला, “आता तू आपली!” ती पाटील झाली. त्या रात्री तिला शांत झोप लागली होती, हे तिला आज आठवलं, आणि त्याची तिला सगळ्यांत जास्त किळस आली.

उलगड्याने दोन्ही वाचलं होतं. खालचा कोड आणि वरची ओळ जुळेनात. त्याने खालचं पुसलं आणि वरचं पुरं केलं.

*

सापडलेल्या ओळीची नोंद नियमाप्रमाणे कंपनीला गेली, आणि दुसऱ्या दिवशी कौस्तुभ स्वतः आला. ‘हाक’ आता त्याच्याच कंपनीच्या हातात होती. मधल्या काळात ती तीन कंपन्या फिरून, नाव बदलून त्याच्याकडे परत आली होती, म्हणून मयूरीला पहिल्या दिवशी ओळख पटली नव्हती. तिच्या लग्नात मामाच्या जागी अंतरपाटाशी उभा राहिलेला माणूस. बावीस वर्षं ती त्याला राखी बांधत होती.

कक्षाच्या उपाहारगृहात त्याने दोन कॉफ्या आणल्या, तिच्या कॉफीत साखर घालून ढवळूनही दिली.

“चेहरा काय करून घेतलायस मयू? कुणी मेलंय का?”

“हो दादा. मेलंय.”

तो जरा ओशाळला. “तसं नाही गं. म्हणजे वाईट झालं, मी नाही कुठे म्हणतोय? पण आपण काय खून केला? चेष्टा होती ती. शिमगा होता. सगळ्या जगात पोरं लिहितात असलं.”

“तुझी पण वाचली मी. एकशे बारा आहेत.”

“मोजल्यास?” तो हसला, आणि ती हसत नाही बघून थांबला. मग खुर्ची जवळ ओढली. “हे बघ. एम. डी. म्हणजे तूच, असं कुठे लिहिलंय? मंदार देवधर पण एम. डी.च होता.”

मयूरीने कप खाली ठेवला.

मंदार. कोपऱ्यातल्या टेबलावरचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला. शिमग्याच्या दुपारी दार लागायच्या आत पाण्याची बाटली घेऊन बाहेर पडायचा आणि तासाभराने यायचा. त्याच्या सगळ्या टिप्पण्या या नऊ दिवसांत तिने वाचल्या होत्या. ‘इथे भागाकार करण्याआधी शून्य तपासा.’ ‘हे मला नीट जमलेलं नाही, पुढच्याने सुधारावं, क्षमस्व.’ त्या वाचताना घशाला जरा पाणी मिळाल्यासारखं होई.

“मंदार जाऊन सात वर्षं झाली,” ती म्हणाली.

“तेच तर म्हणतोय. त्याला आता काय फरक पडतो? ना बायको, ना पोर.”

“आई आहे त्याची. सांगलीला.”

“तिला कोण सांगायला जातंय! मयू, अगं वेड्यासारखं करू नकोस. तुझं नाव आलं तर तुझी नोकरी तर जाईलच, पण खटला होईल. सातशे चौदा घरं तुझ्या दारात उभी राहतील. तुझी पोरगी मेडिकलला आहे, तिथे तिला कुणी विचारलं तर काय सांगेल ती?” त्याने तिच्या हातावर हात ठेवला. तो हात ऊबदार होता, खरोखरीच्या काळजीचा होता, आणि त्या उबेनेच तिच्या अंगावर काटा आला. “भाऊ म्हणून सांगतोय. एका मेलेल्या माणसाचं नाव आहे फक्त.”

“आणि तुझ्या एकशे बारा?”

“त्यातून कुणी मेलं नाही ना. मी बघितलंय तपासून.”

म्हणजे आधी तपासून मग आला होता.

ती वर आली. अहवाल उघडला. ‘लेखकाचे नाव’ या रकान्यापुढे कर्सर लुकलुकत होता. तिने मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, मग सातशे चौदा घरं आणली, मग कोंडाबाई नावाची एक न पाहिलेली बाई आणून बघितली. आणि मग तिने मंदार देवधर असं लिहिलं. सरळ बोटांनी, एकही अक्षर न चुकता. कागद छापून निघाला तेव्हा गरम होता, आणि तो हातात धरताना तिला दुसऱ्याचं उष्टं ताट धरल्यासारखं वाटलं.

*

सुनावणी तालुक्याच्या गावी, पंचायत समितीच्या सभागृहात होती. सकाळचे अकरा. सुनावणी अधिकारी रुबीना मुजावर मधल्या खुर्चीत, डावीकडे कौस्तुभ, इस्त्रीच्या सदऱ्यात, उजवीकडे मयूरी. समोर कोंडाबाई. एसटीने एकट्याच आल्या होत्या. अंगाने काटक, कपाळ मोकळं, आणि पायातल्या वहाणा त्यांनी दारातच काढून ठेवलेल्या, देवळात काढाव्यात तशा.

“आजी, पाणी घ्या,” मुजावर म्हणाल्या.

“नगं. आदी कारन सांगा. त्याच्यासाठी आलीया.”

“आधी तुमचा फोन ऐकवावा लागेल. नियम आहे. चालेल ना?”

“माजाच आवाज हाय. त्येला काय भ्यायचं?”

अकरावा फोन लावला गेला. पहिल्या दहांत कोंडाबाईंनी गाव सांगितलं होतं, वाट सांगितली होती, चावलेली जागा सांगितली होती. अकराव्यात त्या कुणाशीच बोलत नव्हत्या. फोन चालू ठेवून बाजूला टेकवला असावा. वारा, वाळल्या पाचोळ्याची सळसळ, एका माणसाचा जडावलेला श्वास, आणि त्याच्यावर एक बारीक, कापरा, पण न तुटणारा सूर:

“वाट खडकाची माझी, गाडी येती हळूहळू,
धनी डोळं नगा मिटू, उन्हं लागल्यात ढळू.”

मधेच यंत्राचा गोड आवाज आला: आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि पडद्यावर, त्याच क्षणाशी, यंत्राने मारलेला शिक्का दिसला. रडगाणं. नाटक. मागे.

हे शब्द मयूरीचे होते. यंत्राने ते जसेच्या तसे उचलले होते, एक मात्राही न बदलता. तिला वाटलं, आपल्या तोंडातून काहीतरी पडलंय आणि ते त्या बाईच्या सुरावर सांडलंय, आणि ते पुसायला गेलं तर आणखी पसरेल.

“आता कारण वाचा,” मुजावर म्हणाल्या.

कौस्तुभने तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. धीर देणारी, थोरल्या भावाची मान.

मयूरी उभी राहिली. कागद समोर धरला. “थेरडी परत आली,” तिने वाचलं. “रडू दे भवानीला.” कोपऱ्यातल्या कारकुनाने मान खाली घातली. तिने पुढचं वाचलं, शेवटपर्यंत, मरेल ती मरेलपर्यंत. स्वतःचा आवाज तिला दुरून येत होता. बावीस वर्षांपूर्वी याच वाक्यावर टेबलं बडवली गेली होती.

“ह्ये यंत्रानं लिवलं?” कोंडाबाईंनी विचारलं.

“नाही. माणसाने लिहिलं होतं. यंत्राने खरं मानलं.”

“कुणी?”

कागदावर नाव होतं. छापलेलं, स्वच्छ. शून्याने भागण्याआधी थांबा म्हणणारा, जमलं नाही तर माफी मागणारा एक माणूस त्या रकान्यात उभा होता, आणि त्याच्या अंगावर तिची घाण होती.

“मी,” मयूरी म्हणाली. “या कागदावर दुसऱ्याचं नाव आहे. ते खोटं आहे. तेही मीच लिहिलंय.”

“मयू!” कौस्तुभ अर्धा उठला. “मॅडम, यांची तब्येत बरी नाही, नऊ दिवस त्या—”

“बसा,” मुजावर म्हणाल्या.

कोंडाबाई मयूरीकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. बाजारात एखादी वस्तू उलटसुलट करून बघावी, तसं.

“मला वळखत हुतीस?”

“नाही.”

“माज्या मालकास्नी?”

“नाही.”

“मग कशापायी लिवलंस?”

मयूरीने उत्तर शोधलं. नऊ पोरं, बंद दार, पाठीवरचं हसू. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही या बाईसमोर ठेवण्याजोगं नव्हतं. “लोकं हसावीत म्हणून,” ती म्हणाली.

“हासली?”

“हो.”

कोंडाबाईंनी पदर सारखा केला. “म्या रडत न्हवते,” त्या म्हणाल्या. “त्येवढं तुला सांगायचं हाय. साप चावल्याल्याला निजू देत न्हाईत. त्यास्नी जात्यावरचं गानं आवडायचं, म्हनून म्हनत हुते. रडाया नंतर टाईम गावला.”

मयूरीचे हात जोडले गेले. “आजी, मला—”

“ऱ्हाऊ दे. ती माफी तुज्यापाशी ठेव. मी न्हेऊन काय करू?”

मुजावरांनी फाइलीतला पुढचा कागद काढला. “कोंडाबाई, कंपनीने लिहून दिलंय की हा सगळा मजकूर ते कायमचा पुसून टाकतील. चार हजार ओळी. तुमची हरकत आहे का?”

“पुसल्यावर यंत्र काय वाचंल?”

“काहीच नाही,” कौस्तुभ घाईने म्हणाला. “एकदम स्वच्छ होईल आजी. काही उरणार नाही.”

“आन् पुढच्या मान्साला कसं कळंल हितं काय झालं हुतं?”

“ते कळायची गरजच काय? तसं नसतं आजी ते, हे टेक्निकल—”

“तुमास्नी न्हाई इचारलं. तिला इचारतीया.” त्यांनी मयूरीकडे हनुवटी उचलली. “तुज्या हातचं यंत्र खरं मानतं न्हवं?”

“हो.”

“मग पुसू नगंस. त्येच्या खाली लिव. मी सांगते तसं.”

मयूरीने मुजावरांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. तिने खाली बसून लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली, तिच्याखाली जागा केली आणि दोन तिरक्या रेघा मारल्या.

“लिव,” कोंडाबाई म्हणाल्या. दळताना घास घालावा तशा थांबत थांबत सांगू लागल्या. “ही बाई रडत न्हवती. मालकास्नी जागं ठेवत हुती. जी बाई परत परत फोन करती, तिच्या घरी कुनीतरी मराया लागलंय. तिला आदी घ्या.”

मयूरीची बोटं चालत होती. “लिहिलं.”

“वाचून दाव.”

तिने वाचून दाखवलं. कोंडाबाईंनी डोळे मिटून ऐकलं, एका ठिकाणी मान हलवली. मग उठल्या. दारापर्यंत गेल्या, वहाणांत पाय सरकवले, आणि वळल्या.

“आजून योक ऱ्हायलं.”

“सांगा.”

“लिव की, वरचं जिनं लिवलंय ती माज्या म्होरं बसलीया, मगाधरनं यंत्राकडं बगतीया, आन् माज्याकडं बगाया तिला व्हत न्हाई.”

मयूरीची मान वर झाली नाही. तिने तेही लिहिलं.